कानात सतत शिट्टी वाजते आणि माणूस आतून बदलत चाललाय, काय करावं?

बोरीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी, आधीच सांगते लांब लिहिणारे, मोबाईलवर टाईप करतेय म्हणून शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. मिस्टर जिनिंग फॅक्टरीत फिटर आहेत, वय ५१. दिवाळीला कापूस यायला लागला की होळीपर्यंत मशीनी दिवसरात्र चालू, कानात बोळे कोणी घालत नाही, एखाद्याने घातले तर बाकीचे हसतात. तर यांना दोन्ही कानात बारीक शिट्टी वाजते. आधी येऊन-जाऊन असायची, मागच्या सीझननंतर थांबलीच नाही. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी मळ काढला, मशीनवर तपासणी केली, ग्राफचा कागद हातात दिला आणि म्हणाले बारीक आवाज ऐकायची ताकद कमी झालीय, हा आवाज जाणार नाही, सवय करून घ्या. गोळ्या लिहून दिल्या त्या मेडिकलवाला म्हणतो चक्करच्या आहेत, यांना तर चक्कर येतच नाही. दोन मिनिटात आम्ही बाहेर.

पण माझा प्रश्न कानाचा नाहीये खरं तर. माणूसच बदललाय हो. उन्हाळ्यात कूलर चालू होता तोवर झोपायचे तरी, आता थंडीत पंखा पण बंद, घर शांत झालं की हे उठून बसतात. रात्री दोन-अडीचला उठून टीव्ही लावतात आवाज बारीक करून, बघत काहीच नाहीत. पोरीच्या हातून स्टीलचं ताट पडलं तर अंगावर धावून गेले तिच्या, आजपर्यंत कधी बोट लावलं नाही तिला या माणसाने. श्रावणात कानबाई बसवली घरात, रोटाला सगळी भाऊबंदकी जमली तर हे मागच्या खोलीत दार लावून. भाचीच्या हळदीला डीजे सुरू झाला तसे उठून शेतात निघून गेले, जेवायलाही आले नाहीत, नणंद अजून बोलत नाही आमच्याशी. पारावर बसायचे मित्रांसोबत ते पण बंद. चार माणसं बोलायला लागली की यांना शब्द कळत नाहीत, मग नुसतं हो हो करतात आणि घरी येऊन म्हणतात लोकं मला हसतात.

सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलंय, भगताला दाखवू. भाऊ म्हणतो डोक्याच्या डॉक्टरला दाखव. डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं आणि गावात कळलं तर पोरीचं लग्न जमवताना लोक काय काय बोलतील ते तुम्हाला माहितीय.

आणि परवा रात्री मला म्हणाले, "असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं." मी हसण्यावारी नेलं पण तेव्हापासून मलाच झोप नाही. हे कानामुळे होतंय की डोक्यात काही बिघडलंय? कोणाच्या घरात असं झालंय का?

---

भरीतभाकर

ताई काळजी नका करू. तीळाच्या तेलात लसूण तळून कोमट करून दोन दोन थेंब टाका रात्री. माझ्या आजोबांना त्याने आराम पडला होता. आणि आंबट बंद करा काही दिवस.

---

कानसेन_जळगाव

@भरीतभाकर, राग मानू नका पण कानात तेल नको. मी ऑडिओलॉजिस्ट म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ आहे, जळगावला प्रॅक्टिस करते. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन कान वाहायला लागतो, आणि ओलसर तेलकट कानात बुरशी वाढते, पावसाळ्यात असे पेशंट रोज बघते मी. आजोबांना मळ असेल, तेलाने तो मऊ होऊन निघाला असेल आणि आवाज थांबला असेल. मळामुळे येणारा आवाज मळ निघाला की जातो. या भाऊंचा मळ आधीच काढलाय.

बोरीकाठ ताई, सविस्तर लिहिते संध्याकाळी, आत्ता ओपीडी आहे. तोवर तीन गोष्टी बघून सांगा. आवाज दोन्ही कानात सारखाच आहे की एकात जास्त? नाडीच्या ठोक्यासोबत धडधड असा येतो का? आणि शिट्टीच ऐकू येते की कोणी बोलल्यासारखं, शब्द ऐकू येतात?

---

माग_बंद_धुळे

ताई, तुमचं वाचलं आणि वाटलं माझ्या बायकोनेच लिहिलंय. मी धुळ्याचा, पावरलूमवर आयुष्य गेलं, आता मागही नाहीत आणि कानही नाहीत, शिट्टी तेवढी राहिली. त्यामुळे आतून काय होतं ते मी सांगतो, डॉक्टर लोकं बाकीचं सांगतीलच.

पहिली गोष्ट, आवाजाचा त्रास होतो त्यापेक्षा भीतीचा जास्त होतो. आता हा असाच राहणार का, वाढत जाणार का, उद्या पूर्ण बहिरा झालो तर घर कोण चालवणार. रात्री सगळं शांत झालं की मी आवाज मोजायला लागायचो, कालपेक्षा जास्त आहे की कमी. उशीवर या कुशीवर त्या कुशीवर, कोणत्या कानात जास्त आहे. आणि जितकं मोजाल तितका तो वाढतो, खरं सांगतो. मग घड्याळ बघायचं, तीन वाजले, सकाळी कामावर जायचंय, छाती धडधडायला लागायची. सकाळी उठल्या उठल्या पहिला विचार काय, तर आहे का अजून. असतोच.

मग चिडचिड. आता तुम्ही पोरीच्या ताटाचं लिहिलं ना, ते मुद्दाम नसतं हो. ज्याला कमी ऐकू येतं त्यालाच ताट पडल्याचा आवाज डोक्यात खिळा ठोकल्यासारखा लागतो, हे घरच्यांना पटतच नाही. ते म्हणतात हाक मारली तर ऐकू येत नाही आणि भांडं पडलं की बरं ऐकू येतं! माझ्या मायने एकदा विचारलं, "काय व्हयनं रे तुले, आसा काबरं करस?" मी काय सांगणार. ताप असता तर दाखवता आला असता, पाय मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं. इथे फक्त मलाच ऐकू येतंय आणि बाकीच्यांसाठी घर एकदम शांत. त्या एकटेपणाने माणूस खचतो. मला तर कधी कधी वाटायचं की आपण वेडेच होत चाललोय आणि हे कोणाला सांगितलं तर खरंच वेड्यात काढतील, म्हणून सांगायचंच नाही.

मी पण लग्नं सोडली, वरातीत जाणं सोडलं, मग हळूहळू किराणा दुकानात जाणं पण बायकोवर टाकलं. घरात बसलो की शांतता, आणि शांततेत शिट्टी डबल. म्हणजे ज्याच्यापासून पळत होतो त्याच्याच मांडीवर जाऊन बसलो.

संध्याकाळी थोडी घ्यायला लागलो कारण घेतली की झोप लागायची, पण मग रात्री दोनला जी जाग यायची ती यायचीच आणि वरून डोकं जड. तुमचे मिस्टर घेतात की नाही माहीत नाही, घेत असतील तर लक्ष ठेवा.

आज माझी शिट्टी तेवढीच आहे. हे लिहिताना पण वाजतेय. पण मी जेवतो, झोपतो, नातवाला शाळेत सोडतो आणि अर्धा दिवस तिची आठवणही येत नाही. हे कसं झालं ते लांबलचक आहे, कानाचं मशीन लागलं आणि मानसोपचार विभागातल्या एका मॅडमकडे काही महिने जात होतो, दोन्ही मिळून झालं. भगताकडे पण नेलं होतं मला, कोंबडं गेलं, बाकी काही नाही.

---

जुन्या_बैठकीतला

आजकाल प्रत्येक गोष्टीला मानसिक आजार म्हणायची फॅशन आलीय. आमच्या वडिलांनी आयुष्यभर जिनात काढलं, त्यांचेही कान वाजायचे, कधी तक्रार केली नाही. मन खंबीर लागतं. यांना कामात गुंतवा, सकाळी चालायला लावा, मेहूणला मुक्ताईच्या दर्शनाला घेऊन जा, आपोआप विसरतील.

---

माग_बंद_धुळे

दादा चालणं आणि मुक्ताई दोन्ही चांगलं, मी पण जातो. पण खंबीर मनाचं म्हणाल तर मी मागावर बोट गेलं तरी दुसऱ्या दिवशी कामावर होतो. तुमच्या वडिलांनी तक्रार केली नाही म्हणजे त्रास नव्हता असं नाही, आपल्याकडे बाप माणूस सांगतो कुठे.

---

कानसेन_जळगाव

आले. ताईंचं उत्तर अजून दिसत नाही पण लिहून ठेवते, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी सासूबाईंसाठी. यात बाहेरचं काही नाही आणि वेडेपणाही नाही. आतल्या कानात शंखासारखा भाग असतो त्यात बारीक केसांसारख्या पेशी असतात, मशीनच्या आवाजाने त्यातल्या बारीक सुराच्या पेशी आधी मरतात आणि परत उगवत नाहीत. ग्राफ बघा, बहुतेक ४००० हर्ट्झच्या, म्हणजे बारीक सुराच्या आसपास खड्डा दिसेल, मशीनवर काम करणाऱ्यांचा तो ठरलेला. आता तिथून मेंदूला सिग्नल येणं कमी झालं की मेंदू आपल्या बाजूने आवाज मोठा करतो आणि जे नाही ते ऐकू यायला लागतं. शिट्टी सहसा त्याच सुरात असते जिथे ऐकणं कमी झालंय. म्हणून कानात नुसते थेंब टाकून ती जात नाही.

आता ताईंचा मुख्य प्रश्न, कान की डोकं. दोन्ही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. जगभरात साधारण १४ टक्के मोठ्या माणसांना कधी ना कधी असा आवाज येतो असा अंदाज आहे, पण त्याने आयुष्य विस्कटतं असे साधारण २ टक्के. मग या दोघांत फरक काय? लोकांना वाटतं ज्याचा आवाज मोठा त्याला त्रास जास्त. आम्ही मशीनवर आवाज जुळवून बघतो ना, तर बहुतेकांची शिट्टी त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा ५-१० डेसिबलच वर निघते, म्हणजे कुजबुजीइतकी पण नाही. तेवढ्याच शिट्टीसोबत एक जण दुकान चालवतो आणि दुसरा रात्ररात्र बसून काढतो. फरक पडतो तो मेंदू त्या आवाजाला काय समजतो यावर. पंख्याचा आवाज आपण दहा मिनिटात विसरतो कारण मेंदूने त्याला बिनकामाचा ठरवलेला असतो. शिट्टीला एकदा धोका म्हणून नोंदवलं की भीतीची यंत्रणा जागी होते, छाती धडधडते, झोप उडते, झोप उडाली की दुसऱ्या दिवशी सहनशक्ती कमी, मग शिट्टी जास्त टोचते, मग भीती अजून. जॅस्ट्रेबॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये हे नीट मांडलं आणि आजचे बरेच उपचार तिथून निघाले. धुळ्याच्या दादांनी रात्री आवाज मोजायचं लिहिलंय ते हेच चक्र.

त्रास किती आहे ते मोजायला २५ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, १९९६ पासून जगभर वापरतात. हो म्हटलं तर ४, कधीकधी म्हटलं तर २, नाही म्हटलं तर शून्य, एकूण १०० पैकी. त्यात चिडचिड होते का, झोप लागते का, घरच्यांशी नातं ताणलंय का, यातून सुटका नाही असं वाटतं का असलं विचारतात. ताईंनी जे लिहिलंय त्यावरून भाऊंचा आकडा वर जाणार असं मला वाटतं, पण ते बसून भरून घ्यावं लागेल.

मशीन. कानाचं मशीन लावल्यावर बाहेरचे बारीक आवाज परत मेंदूपर्यंत जातात, शिट्टी एकटी उरत नाही. आणि पारावर बोलणं कळायला लागतं, हा फायदा मी जास्त मोठा मानते, कारण अर्धं दुःख लोकांत न बसता येण्याचं असतं. फक्त ट्रायल घेऊनच घ्या, रस्त्यावर मिळणारं आवाज-वाढवायचं-डबडं नको.

थंडीत पंखा नाही म्हणून शांतता होते ना, तर उशाशी मोबाईलवर पावसाचा नाहीतर नदीचा आवाज हळू लावा. शिट्टी पूर्ण झाकायची नाही, दोन्ही ऐकू येतील इतकाच ठेवायचा. पूर्ण झाकली तर मेंदूला तिची सवय कशाची होणार?

कामावर असताना कानाला मफ (पूर्ण कान झाकणारं) किंवा प्लग हवाच, लोक हसले तर हसू द्या. आपल्याकडे फॅक्टरीच्या नियमात ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, मी तर ८५ च्या वर गेलं की सांभाळा म्हणते. आणि आवाजाने येणारा बहिरेपणा कामगारांच्या कायद्यात कळवण्याच्या आजारांच्या यादीत आहे, ग्राफचे सगळे कागद जपून ठेवा. पण घरी शांत असताना कानात बोळे घालून बसू नका, त्याने भांड्यांचा आवाज अजून जास्त टोचायला लागतो.

गोळ्यांचं म्हणाल तर चक्करची ती गोळी नुसत्या शिट्टीसाठी देऊ नये असं ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शनात लिहिलंय. अमेरिकेतल्या कानाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ मध्येच जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नका म्हणून सांगितलंय. मेडिकलवर मात्र ते सगळं हारीने मांडलेलं असतं.

---

भरती_चालू_आहे

मी २३ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय चोपड्याला. अभ्यासिकेत एकदम शांत असतं तिथे मला पण सूं असा आवाज येतो. रात्रभर सर्च केलं तर ब्रेन ट्यूमर दाखवतंय, आता अभ्यासात लक्षच नाही, घरी सांगितलं नाही. मॅडम मला पण होणार का असं?

---

कानसेन_जळगाव

आधी रात्री सर्च करणं बंद. १९५३ मध्ये दोन संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं, ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला. शांततेत सूं येणं हे बहुतेकांचं असतंच, लक्ष गेलं की कळतं. एकाच कानात सतत येत असेल, त्या कानाने कमी ऐकू येत असेल, किंवा ठोक्यासोबत येत असेल तर मात्र कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं, गरज वाटली तर ते एमआरआय सांगतात. अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी पळायचं, त्यात उशीर झाला की औषधाचा उपयोग कमी होत जातो. तुमचं तसलं काही दिसत नाही. एकदा ऐकण्याची तपासणी करून घ्या, भरतीच्या मेडिकलआधी केलेली बरी. इअरफोन कमी आवाजात लावा.

---

बोरीकाठ

मॅडम, दादा, वाचताना रडू आलं, आम्ही एकटे नाही हे बघून बरं वाटलं. दादांचं लिहिलेलं यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत पण मोबाईल हातात घेऊन स्वतः परत वाचलं.

उत्तरं अशी. दोन्ही कानात सारखंच आहे, उजव्यात कणभर जास्त म्हणतात. ठोक्यासोबत नाही. शब्द वगैरे काही ऐकू येत नाही, फक्त शिट्टी. दारू नाही घेत, तंबाखू आहे.

पण मेलेलं बरं म्हणाले त्याचं काय करू ते कोणीच नाही सांगितलं. परत विषय काढायची हिंमत होत नाही, मी विचारलं आणि त्यांच्या डोक्यात नसलेलं आलं तर?

---

ओपीडी_नंबर_पाच

ताई, तुमचा हा प्रश्न सगळ्यात महत्वाचा आहे, मी त्याच्यासाठीच लॉगिन केलं. मी खान्देशातच एका सरकारी दवाखान्याच्या मानसिक आरोग्य विभागात समुपदेशक आहे.

विचारल्याने डोक्यात येत नाही. ही भीती सगळ्यांना असते पण असं होत नाही, उलट विचारलं की माणसाला वाटतं कोणीतरी ऐकून घेतलं. आज रात्री पोरगी झोपल्यावर सरळ विचारा, आडून नको. "तुम्ही त्या दिवशी म्हणालात मेलेलं बरं, जीव द्यायचा विचार येतो का मनात?" नाही म्हणाले, नुसतं वैतागून बोललो म्हणाले तरी ठीक, बोलणं तर सुरू झालं. हो म्हणाले तर भांडू नका, शपथा घालू नका, पोरीचं काय होईल असं पण लगेच सुनावू नका, आधी ऐका. आणि कसं करायचं ते ठरवलंय असं वाटलं तर एकटं सोडायचं नाही, त्याच वेळी जवळच्या सरकारी दवाखान्याच्या इमर्जन्सीला घेऊन जायचं.

शेती आहे तुमची, म्हणजे फवारणीची औषधं घरात नाहीतर खळ्यावर असणार. ती आजच कुलपात टाका, किल्ली तुमच्याकडे, नाहीतर भावाच्या घरी नेऊन ठेवा. कारण विचारलं तर सांगा पोरं घरात फिरतात. अशी वेळ पुष्कळदा थोड्या वेळाची असते, तेवढ्यात हाताशी काही नसलं की माणूस वाचतो.

१४४१६ हा टेलिमानस या मानसिक त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलाय, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. भाऊंनी नाही केला तरी तुम्ही करा, घरच्यांनाही सांगतात कसं वागायचं ते.

आता पोरीच्या लग्नाची काळजी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की पेशंटची माहिती गुप्त ठेवायची, आम्ही कोणाला सांगू शकत नाही, नातेवाईक म्हणून येऊन विचारलं तरी. आणि व्यवहाराचं सांगते, जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे कानाचा विभाग पण असतो आणि मानसोपचार पण. गावात सांगा कानासाठी चाललोय. खोटं पण नाही ते.

तिथे काय होईल. आधी डिप्रेशन आहे का ते बघतील. दोन आठवड्यांच्या वर मन लागत नाही, कशात रस नाही, झोप-भूक गेली, मरणाचे विचार, तुम्ही लिहिलेल्यातलं बरंच त्यात बसतंय पण ते बघून ठरवतील. असेल तर गोळ्या देतील. त्या शिट्टीच्या नाहीत हे आधीच समजून घ्या नाहीतर पंधरा दिवसांनी म्हणतील शिट्टी गेली नाही म्हणून बंद केल्या. मन उचललं की तीच शिट्टी कमी टोचते. असर यायला काही आठवडे लागतात, आणि मनाने बंद करायच्या नाहीत. झोपेची गोळी मात्र शेजाऱ्याची घेऊन चालू करू नका, तिची सवय लागते.

दुसरं सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी. धुळ्याचे दादा ज्या मॅडमकडे जात होते ती बहुतेक हीच. आम्ही पेशंटला वही करायला लावतो. आवाज वाढला तेव्हा डोक्यात काय आलं ते लिहा. एकाने लिहिलं होतं "आता हा फुटेपर्यंत वाढणार." मग आपण बसून बघतो, आतापर्यंत किती वेळा असं वाटलं आणि किती वेळा झालं. सोडलेल्या गोष्टी एकेक परत चालू करतो, लग्न नाही एकदम, आधी पारावर अर्धा तास एका मित्रासोबत. झोपेचं वेगळं बघतो, उठायची वेळ ठरलेली, झोप नसताना अंथरुणात लोळायचं नाही, दुपारची झोप बंद. २०२० मध्ये कॉक्रेन नावाच्या संस्थेने २८ अभ्यास एकत्र करून बघितलं, सीबीटीने जगण्यावरचा त्रास कमी होतो असं निघालं. आवाज कमी होत नाही, ते पण त्यात आहेच, आणि वर्षभराने तो फायदा किती टिकतो याचे पुरावे अजून थोडे आहेत. मी पेशंटला हे पहिल्याच दिवशी सांगते, नाहीतर तो शिट्टी बंद व्हायची वाट बघत बसतो.

आणि "सवय करून घ्या" या वाक्यावर माझा पण राग आहे. सवय होते हे खरंच आहे. पण ती कशी करायची हे सांगायलाच तर आम्ही बसलोय ना, दोन मिनिटात सांगून होतं का ते.

---

माग_बंद_धुळे

मॅडम अगदी बरोबर, वही मला पण करायला लावली होती. मी पहिल्या दिवशी त्यात शिव्याच लिहिल्या होत्या, त्या म्हणाल्या चालेल.

ताई, भाऊंना माझ्याशी बोलायचं असेल तर मला मेसेज करा, मी नंबर देतो. फोनवर जरा मोठ्याने बोलावं लागेल एवढंच, दोघांनाही.

---

जुन्या_बैठकीतला

फवारणीच्या औषधाचं मॅडमनी बरोबर सांगितलं. आमच्या गावात एक घर बसलंय त्याच्याने. ताई ते आधी करा, बाकी नंतर.

---

बोरीकाठ

काल विचारलं. लगेच काही बोलले नाहीत, मग म्हणाले विचार येतो पण करणार नाही, पोरगी आहे. मग किती वेळ बोलत होते, इतकं तर वर्षभरात बोलले नसतील. औषधाचे डबे दिराच्या घरी गेले, दिराला खरं कारण सांगितलं, तो म्हणाला वहिनी मी येतो सोबत दवाखान्यात. १४४१६ ला मी लावला होता, नीट बोलले. सोमवारी धुळ्याला जातोय, दोन्ही ओपीडीला. सासूबाईंना फक्त कानाचं सांगितलंय, त्यांनी नारळ दिलाय सोबत, राहू दे म्हटलं.

मॅडम एक विचारायचं होतं, मशीन लावलं तर त्याचा सेल किती दिवस जातो? आणि यांचं काम घामाचं, उन्हाळ्यात आमच्याकडे ४५ पर्यंत जातं, खराब होईल का?

---

कानसेन_जळगाव

कानामागच्या मशीनला बहुतेक १३ नंबरचा सेल लागतो, नारिंगी स्टिकरवाला, दिवसभर लावलं तर आठवडा-दीड आठवडा जातो. छोट्या मशीनला ३१२, तपकिरी स्टिकर, तो साधारण आठवडाभर. स्टिकर काढला की सेल चालू होतो, परत चिकटवून काही वाचत नाही, म्हणून लागेल तेव्हाच काढायचा. चार्जिंगची मशीनं पण मिळतात पण महाग, आणि तुमच्याकडे लाईट किती जाते ते बघून ठरवा.

घामाचा त्रास होतो हो, खान्देशात तर होतोच. रात्री काढल्यावर सुक्या कपड्याने पुसायचं, सेलचं दार उघडं ठेवायचं आणि डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवायचं. फॅक्टरीत मशीनीजवळ असताना कानाचं मशीन काढून मफ लावायचा, चालू मशीन कानात ठेवून जिनापाशी जायचं नाही. आंघोळीआधी काढायचं हे पण सांगा त्यांना, पहिल्या आठवड्यात सगळे विसरतात. सोमवारी ग्राफचा कागद न्यायला विसरू नका.

---

भरती_चालू_आहे

मॅडम तपासणी केली, नॉर्मल आली. सूं अजून येतो पण आता पंखा लावून अभ्यास करतो. थँक्यू.